उंच माणसापुरती जागा

भांडण पाण्यावरून सुरू झालं, आणि तेही सकाळी सातला, मांडववाले अजून खुर्च्या उतरवत असताना.

प्रथमेशने काशीदहून येताना वीस लिटरचा जार आणला होता. त्याच्या कॉटेजवर मुंबईची माणसं उतरतात, त्यांच्यासाठी रोज असे चार जार येतात. त्यातलाच एक त्याने गाडीत टाकला होता. जार ओटीवर टेकवून तो हात झटकतोय तोच जनीबाई आतून आली आणि जाराकडे बघत उभी राहिली.

"ह्ये कशाला?"

"जलदानाला. सीलबंद आहे आई, एकदम स्वच्छ."

"तुज्या बापानं कधी सीलबंद पानी पिलं काय?"

"आता त्याचा काय संबंध?"

"संबंध हाय. त्याच्या नावानं पानी ओतायचं तर त्यो पीत होता त्येच पायजे. डोंगरावरचं."

घरच्यांनी सगळ्यांनी मिळून एका तांब्याला हात लावायचा, गेलेल्याच्या नावाने पाणी वाडग्यात ओतायचं आणि वाडगं भरून वाहेपर्यंत थांबायचं नाही, हे जलदान बौद्धवाडीत प्रत्येक पुण्यानुमोदनाला होत आलं होतं. पाणी कुठलं असावं हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. प्रथमेशने मदतीसाठी इकडेतिकडे बघितलं. गल्लीत जयंतीच्या निळ्या पताका अजून तशाच होत्या, पंधरा दिवसांत उन्हाने थोड्या फिकट झालेल्या. जयंतीनंतर दोनच दिवसांनी त्याचे वडील बुधाजी गेले होते.

"आई, एप्रिल संपत आला," तो म्हणाला. "त्या डोंगरावर आता चिमणीला पुरेल एवढं पाणी नाही. अकराला माणसं यायला लागतील."

"आहे," चुलीपाशी बसलेली भक्ती म्हणाली.

"काय आहे?"

"पाणी. वर. मी दाखवते वाट."

प्रथमेश बायकोकडे बघत राहिला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि भक्ती डोंगरावर जाते हे त्याला आज कळत होतं.

तेवढ्यात थोरला भाऊ रत्नपाल खाली वाकून दरवाजातून बाहेर आला. या घराचा दरवाजा बुधाजींनी कोळसा खाणीतून पहिल्या मोठ्या रजेवर आल्यावर स्वतःच्या मापाने बसवला होता, आणि बुधाजींचं माप होतं पाच फूट दोन इंच. रत्नपाल गेला होता आईच्या माहेरावर, सहा फुटांना एक इंच कमी. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने या चौकटीवर किती वेळा कपाळ आपटलं असेल याची मोजदाद नव्हती. त्याच्या हातात वही होती आणि वहीचं पान कोरं होतं. ते त्याच्या बहिणीने, मानसीने लांबूनच पाहिलं.

"अजून काहीच नाही?" तिने विचारलं.

"लिहितोय."

"पंधरा दिवस लिहितोयस."

रत्नपालने वही मिटली. म्हसळ्याच्या शाळेत तो मास्तर होता, पण पंचक्रोशीत त्याची ओळख वेगळीच होती. कुठेही पुण्यानुमोदन असलं की गावशाखेचे लोक त्याला बोलवायचे. बावीस गावांत त्याने आदरांजलीची भाषणं केली होती, आणि बायका पदराने डोळे टिपत घरी गेल्या होत्या. आज त्याच्या वडिलांचं पुण्यानुमोदन होतं, आणि सकाळपासून जो येत होता तो म्हणत होता, मास्तर, आज तुमचं ऐकायला आलोय.

"आई, पाणी मी आणतो," तो एकदम म्हणाला. वहीपासून लांब जायला त्याला कुठलंही निमित्त चाललं असतं.

"तू?" मानसी हसली. "तू डोंगर चढणार? मग मीही येते. तुला खाली आणायला कुणीतरी लागेल."

*

काजूची बाग संपली आणि चढ लागला. मानसी पुढे, कळशी काखेला लावलेली भक्ती मध्ये, आणि रत्नपाल मागे, दर दहा पावलांवर थांबत. ऊन अजून कोवळं होतं, पण कातळ तापायला लागला होता. करवंदीच्या जाळ्यांत हिरवी फळं धरली होती. खाली वळून पाहिलं की सुरूच्या बनापलीकडे समुद्राची पट्टी दिसत होती.

मानसीला ही वाट हातातल्या रेषांसारखी पाठ होती. अलिबागला सरकारी नोकरीत बावीस वर्षं झाली तरी. बाबा चांद्याच्या कोळसा खाणीतून वर्षातून एकदा, मे महिन्यात वीस दिवसांसाठी यायचे. पहिली रात्र घरात. दुसऱ्या दिवशी गोधडी काजूखाली जायची, आणि पहाटे बाबा डोंगरावर. मागोमाग मानसी. जमिनीखाली वर्ष काढलेल्या माणसाला छप्पर नको वाटतं, असं आई सांगायची. रत्नपाल मात्र घरातच असायचा.

"इथे थांबून बाबा विडी ओढायचे," ती एका खडकाकडे बोट दाखवत म्हणाली. "आणि हे झाड बघ, यावर—"

"मानसी, मला यातलं काही माहीत नाही," रत्नपाल म्हणाला. तो खडकावर बसला होता. "मला माहीत असल्यासारखं सांगू नकोस."

"मग ऐक ना. भाषणात येईल."

"तुझ्या आठवणी मी सांगू? बरं दिसेल?"

"नाहीतर काय सांगणार आहेस? बावीस गावांत बोललास, आणि स्वतःच्या बापावर दोन ओळी येत नाहीत?"

"त्या बावीस जणांच्या मुलांनी मला येऊन सांगितलं, आमचे बाबा असे होते, तसे होते. मी ते लिहिलं. त्यांचे बाप घरी असायचे, मानसी. माझ्याकडे लिहायला काय आहे? मी नऊ वर्षांचा होतो. पहाटे उठून चपला घालून तयार बसलो होतो. बाबा बाहेर पडताना माझ्याकडे बघून म्हणाले, 'तू वाच.' आणि तुला घेऊन गेले."

"तू सापाला घाबरायचास."

"घाबरायचो. तरी चपला घातल्या होत्या."

भक्ती दोघांकडे न बघता म्हणाली, "चला. ऊन वाढतंय. इथून डावीकडे."

"डावीकडे कुठे?" मानसी म्हणाली. "झरा सरळ आहे."

"तो आटतो, ताई. चार वर्षं झाली, आता पाणी डावीकडे आहे."

मानसी तिथेच उभी राहिली. या डोंगरावर आपल्याला माहीत नसलेली वाट असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

*

आंब्याच्या एका जुन्या झाडामागे जांभ्याचा कडा होता, आणि कड्यात दार होतं. दार म्हणजे नुसतं भोक नव्हतं. दोन्ही बाजूंना सुरूचे जाड वासे उभे होते, वर आडवा वासा, आणि आत अंधार. खालून करंगळीएवढं पाणी पाटातून येत होतं आणि दगडात कोरलेल्या कुंडात पडत होतं. कुंडाशी आदिवासीवाडीची नीराबाई हंडा भरत बसली होती.

"आलीव काय," ती भक्तीला म्हणाली, आणि मग मागची दोन माणसं बघून पदर सारखा करून उठली. "मास्तर नं ताय का ह्ये? बाबाची पोरं?"

रत्नपालने मान हलवली. त्याची नजर वाशांवर होती. मोठ्या चक्रीवादळात काशीदच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं शेकड्यांनी पडली होती. त्या वर्षी बाबांनी प्रथमेशकडून पडलेले वासे मागून नेले होते, घेवड्याच्या मांडवाला म्हणून. घेवड्याचा मांडव मात्र कुणी पाहिला नव्हता.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"बाबानं. दुसरं कोन करील?" नीराबाई म्हणाली. "उन्हाळ्यात आमी बाया खाली गावात येत होतो पान्याला, दोन तास. बाबा बघायचा. एक दिस त्यो इथं आला, कड्याला कान लावलान, काठीनं ठोकलान, म्हनला, पानी आत हाय, भायेर येत न्हाय. मंग लागला खनायला. रोज बोटभर. माझा घरवाला माती उचलायचा. दोन उन्हाळे लागलं."

"त्र्याहत्तर वर्षांचे होते," मानसी म्हणाली. "खोकल्याने हैराण होते. आणि मला म्हणाले, मी आता फक्त खालच्या माळावर फिरतो."

"घरात दहा मिनिटं बसवायचं नाही त्यांना," रत्नपाल म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि रागही, दोन्ही एकदम. "माझ्या लग्नात मांडवाच्या बाहेर उभे होते. म्हणे, डोक्यावर काही असलं की जीव गुदमरतो. आणि इथे स्वतःच्या हाताने भोक पाडून त्यात जाऊन बसायचे?"

भक्तीने दाराशी टेकवलेली एक काठी उचलून त्याच्या हातात दिली.

"आत जायचं तर आधी वर ठोका, दादा. बाबा रोज ठोकायचे. टणक आवाज आला तर जायचं. पोकळ आला तर माघारी."

रत्नपालने काठी वर नेऊन छताला ठोकली. टण्. एक पाऊल पुढे, पुन्हा टण्. हातातल्या मोबाइलचा दिवा त्याने लावला. दोन्ही बाजूंनी जांभा छिन्नीने सारखा केलेला होता, फटींत पाचरी मारलेल्या. दर तीन फुटांवर वाशांची चौकट. पहिल्या चौकटीवर खडूने एक तारीख होती आणि तारखेखाली 'बु'. एकावर एक पुसून लिहिल्यामुळे लाकूड तेवढ्या भागात पांढुरकं झालं होतं.

खाणीत पाळी सुरू होण्याआधी छत तपासायचं आणि तपासलं की तारीख आणि सही खडूने लिहायची, हे बाबांनी एकदा सांगितलं होतं. सही नसेल तर कामगार आत पाऊल टाकायचा नाही. आणि हा खडू त्याच्याच शाळेचा होता. दर दिवाळीला बाबा त्याच्याकडे खडूचा एक डबा मागायचे. त्याला वाटायचं, मुंग्यांसाठी.

तारीख होती एप्रिलची अकरा. बाबा सोळाला गेले.

"अकरा तारखेला ते अंथरुणात होते," तो बाहेर वळून म्हणाला. "डॉक्टरांनी उठू नका म्हणून सांगितलं होतं."

भक्तीने कळशी खाली ठेवली. "मी आणलं त्यांना. तीन तास लागले. आत गेले नाहीत, दाराशी बसूनच ठोकलं आणि लिहिलं. नाहीतर बायका आत जाणार नाहीत म्हणाले, सहीशिवाय. गाळ तुंबला तर आत जाऊन काढावा लागतो ना."

"आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस," मानसी म्हणाली.

"लाल मातीचे कपडे चार वर्षं मी धुतले, ताई. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."



रत्नपाल आत गेला. अकरा फूट होतं भुयार, फार तर बारा. शेवटी ओला खडक होता आणि त्याच्या चिरेतून पाणी पाझरत होतं, आवाज न करता. तो तिथे हात टेकवून उभा राहिला. थंड होतं. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की तो ताठ उभा आहे. त्याने हात वर केला. डोकं आणि छत यांच्यामध्ये त्याची चार बोटं बसली.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

"नीराबाई," त्याने विचारलं, "हे एवढं उंच का खणलं? बाबा तर एवढेसे होते. तुम्हीसुद्धा. पाण्यासाठी कुणी रांगत गेलं असतं तरी चाललं असतं."

"मी पन तेच म्हनलं," नीराबाई हंडा डोक्यावर घेत म्हणाली. "म्हनलं, बाबा, फुकट कशाला येवढं तोडतस, हात दुकतात. तर म्हनला, मोठा पोरगा उंच हाय माझा. कधी आला तर डोकं आपटंल त्याचं."

आणि ती निघून गेली, तिला उशीर झाला होता.

आंब्यावर एक हळद्या ओरडत होता. मानसीला त्याचं नाव माहीत होतं, एरवी तिने सांगितलं असतं. भक्ती कुंडातून कळशी भरत होती. रत्नपाल पाठ करून उभा होता आणि चष्मा पुसत होता, तो पुसतच राहिला.

*

उतरताना मानसी सगळ्यांच्या मागे राहिली.

तिला स्वतःचीच लाज वाटत होती. दादासाठी आनंद व्हायला हवा होता, आणि कुठेतरी झालाही असेल. पण वर आनंद नव्हता. बाबांच्या मागून या डोंगरावर कोण फिरलं? बाबांनी पायातला काटा कुणाच्या काढला? आणि त्यांनी आयुष्यातलं शेवटचं काम केलं ते कुणाच्या मापाने? जो एकदाही आला नाही त्याच्या. तिला दाखवलंसुद्धा नाही. माळावर फिरतो म्हणाले.

भक्ती वाटेत थांबली होती, कळशी या काखेतून त्या काखेत घेत.

"ताई, एक सांगू? तुम्हाला का नाही सांगितलं ते?"

"नको सांगूस."

"तुम्ही बंद केलं असतं."

"अर्थात केलं असतं! खोकला बघितला होतास त्यांचा? मी हात धरून खाली आणलं असतं."

"तेच म्हणायचे ते. म्हणायचे, सगळ्यांना कळलं तरी चालेल, मानीला नको. अख्ख्या खाणीत मी कुणाला घाबरलो नाही, पण तिच्यासमोर माझं काही चालत नाही."

मानसी हसली, आणि हसता हसता तिला वाटेवरच बसावं लागलं. भक्ती कळशी सांभाळत तिच्याशेजारी बसली. खाली मांडवातून ध्वनिक्षेपक तपासण्याचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो, एक दोन तीन.

*

साडेअकराला मांडव भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. काशीदपासून म्हसळ्यापर्यंतचे पाहुणे होते, आणि मागच्या रांगेत, खुर्च्या मोकळ्या असताना उभ्याने, आदिवासीवाडीची सातआठ माणसं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. प्रथमेशने पुढे जाऊन त्यांना बसवलं. भक्तीने त्याला कानात सगळं सांगितलं होतं, आणि त्याचा जार ओटीवर सील न फोडता पडून होता.

त्रिशरण, पंचशील झालं. जलदान झालं. तांब्याला पाच हात लागले, वाडगं भरलं, खालचं ताट भरलं, आणि ताटातून पाणी चटईवर आलं तरी जनीबाईने हात काढला नाही. तीन वेळा साधू साधू झालं. मग गावशाखेचे चिटणीस विठोबाकाका यादी घेऊन माइकपाशी उभे राहिले. यादीत सहा नावं होती. पहिले पाच जण बोलले. पाचही जण म्हणाले की कालकथित बुधाजी धाकू गमरे हे मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल होते.

पुढच्या खुर्चीवर बसलेली जनीबाई ऐकत होती. तिला ही भाषणं कळत होती आणि नव्हतीही. छप्पन्न वर्षांच्या संसारातली चौतीस वर्षं नवरा चांद्याला, आणि उरलेल्यातली निम्मी डोंगरावर. हे लोक ज्या बुधाजीबद्दल बोलत होते तो तिला भेटला नव्हता. ती वाट बघत होती रत्नपालची. त्याने चांगलं बोलावं, लोकांनी वाहवा करावी. आणि पोराने बापाचं चारचौघांत काही काढू नये. तिला त्याचा राग माहीत होता. त्या पहाटेच्या चपला तिने पाहिल्या होत्या.

रत्नपाल उठला. त्याच्या हातात वही नव्हती.

"जय भीम," तो म्हणाला आणि थांबला.

"मी बावीस गावांत बोललो. कुटुंबवत्सल हा शब्द मी बावीस माणसांना दिला. त्यातले किती जण खरंच होते, मला माहीत नाही. माझे वडील नव्हते."

जनीबाईने डोळे मिटले. मांडवात कुजबुज झाली. विठोबाकाका खुर्चीतून अर्धे उठले.

"ते वर्षातून वीस दिवस घरी यायचे, आणि त्यातले एकोणीस बाहेर असायचे. मनमिळाऊ पण नव्हते. माझ्याशी ते आयुष्यात जेवढं बोलले, तेवढं मी एका तासाला शाळेत बोलतो. मला त्यांचा राग होता. अजून थोडा आहे. तो इथे लपवला तर उद्यापासून मला कुणाच्याच पुण्यानुमोदनात उभं राहता येणार नाही, म्हणून सांगतो."

मग त्याने डोंगराकडे हात केला आणि भुयाराचं सांगितलं. अलंकार न लावता, एखादा धडा समजावल्यासारखं: पाणी कुठे होतं, ते काठीने कसं शोधलं, दिवसाला बोटभर, सुरूचे वासे, खडूची तारीख. भक्तीचं नाव घेऊन सांगितलं की शेवटची सही तिच्यामुळे झाली. मागच्या रांगेतली माणसं माना हलवत होती. मांडवात बऱ्याच जणांना डोंगरावर काय झालं ते आजच कळत होतं, आणि ते एकमेकांकडे बघत होते.

"पाच फूट दोन इंचाच्या माणसाने सहा फुटांहून उंच भुयार खणलं," रत्नपाल म्हणाला. "प्रत्येक वीत खणताना वरचा एक फूट जास्तीचा. का, ते आज नीराबाईंनी सांगितलं. घरात मी अजून वाकून येतो. आज सकाळी मी अकरा फूट डोंगरात गेलो आणि माझं डोकं आपटलं नाही. एवढंच मला माझ्या वडिलांबद्दल सांगता येतं."

लोकांना वाटलं संपलं. कुणीतरी नाक ओढलं. जनीबाईने डोळे उघडले होते आणि ती लेकाकडे बघत होती, तो किती उंच आहे हे पहिल्यांदाच बघितल्यासारखी. पण रत्नपालने माइक सोडला नव्हता.

"बाकीचं मला माहीत नाही. उघड्यावरचे बुधाजी कसे होते, ते या घरात एकाच माणसाला माहीत आहे. मानसी, ये."

मानसीने मान जोरात हलवली, नाही म्हणून.

"मास्तर," विठोबाकाका हळूच म्हणाले, पण माइक जवळ असल्याने ते सगळ्यांना ऐकू गेलं, "यादीत ताईचं नाव नाही. आणि सासरी गेलेल्या लेकी बोलत नाहीत आपल्याकडे. जेवणं पण..."

"मग माझ्या नावावर बोलेल. माझी अजून दहा मिनिटं आहेत."

"ऊठ गं मानी," भक्तीने तिला कोपराने ढोसलं. ताई नाही, मानी. मानसीने चमकून तिच्याकडे बघितलं आणि उठली.

ती माइकपाशी उभी राहिली. समोर दोनशे माणसं होती.

"बाबा," ती म्हणाली, "माकडांना घाबरायचे."

मग मागे नीराबाई खिदळली.

"खरंच. कोळशाच्या खाणीत चौतीस वर्षं काढलेला माणूस. एकदा आम्ही वरच्या सड्यावर भाकरी खात होतो. माकड आलं. बाबा म्हणाले, हलू नकोस, बघू नकोस, ते जाईल. मी हलले नाही. माकडाने शांतपणे बाबांच्या मांडीवरची भाकरी घेतली. मग डोक्यावरची टोपी घेतली, नवीकोरी, चांद्याच्या बाजारातली. आणि बाबा डोळे मिटून म्हणतायत, गेलं का गं? गेलं का?"

हसू पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत गेलं. प्रथमेश भिंतीला टेकून हसत होता. रत्नपाल हसत होता, चष्मा काढून.

"टोपी?" जनीबाई मोठ्याने म्हणाली. "निळी किनारवाली?"

"हो, आई."

"मला सांगितलान समुद्रात पडली! म्हनला, लाटेनं नेली. मी दोन दिस किनाऱ्याला जाऊन हुडकत होते!"

आता विठोबाकाकाही हसले. मानसीने डोळे पुसले आणि पुढे सांगायला लागली. टोपीनंतर त्या वर्षी ते दोघं खाडीपर्यंत कसे गेले, आणि वाट चुकल्यावर बाबांनी ते कबूल कसं केलं नाही, दोन तास. तिचा आवाज सुटला होता. हात हलत होते.

विठोबाकाकांनी घड्याळ बघितलं, मग स्वयंपाकघराकडे बघितलं. डाळभात निवत होता. ते वाकून जनीबाईच्या कानाशी आले.

"वहिनी, ताईला जरा आवरतं घ्यायला सांगू का? पाहुण्यांना लांब जायचंय."

जनीबाईने त्यांच्याकडे न बघता खुर्ची दोन्ही हातांनी धरून पुढे ओढली, अगदी माइकसमोर.

"बोलू दे तिला," ती म्हणाली. "मला ऐकायचंय. माझ्याशी कुठं येवढं बोलायचा त्यो."